खाऱ्या पाण्यातल्या माशांचे खाद्य घरी करावे की विकतचे द्यावे?

गिरगावकर (धागा)

मुंबईत खाऱ्या पाण्याचा टँक सांभाळणाऱ्यांपैकी बहुतेकांनी माशांचे खाणे म्हणजे डबीतले पेलेट (कारखान्यात केलेले सुके दाणे), असे मनाशी ठरवून टाकले आहे. मला ते पटत नाही. ज्या शहरात पहाटे पाचला ससून डॉकवर किंवा भाऊच्या धक्क्यावर उतरलेली मासळी सात वाजता आपल्या ओट्यावर येऊ शकते, त्या शहरातल्या माणसाने आपल्या समुद्री माशांना समुद्रातलेच अन्न स्वतःच्या हाताने करून घालावे, असे माझे मत आहे. ज्यांना ते चुकीचे वाटते त्यांनी कारणे देऊन खोडून काढावे, यासाठीच हा धागा काढला आहे.

माझा टँक ४०० लिटरचा आहे. प्रवाळ मी ठेवत नाही, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण दिलेले आहे. दोन क्लाऊन, चार डॅमसेल आणि अंगावर काळे उभे पट्टे असलेला एक कन्व्हिक्ट टँग, एवढाच संसार आहे. त्यांच्यासाठी मी दर दीड महिन्याने ३०० ग्रॅम कोळंबी, २०० ग्रॅम माकूल, १०० ग्रॅम तिसऱ्यांचे (शिंपल्यांचे) मांस, १०० ग्रॅम मांदेली आणि न भाजलेल्या, बिनमसाल्याच्या नोरीचे (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे) आठ कागद असे खाद्य करतो.

कोळंबी नेहमी डोक्यासकट आणि कवचासकट घेतो. सोललेल्या, गोठवलेल्या कोळंबीच्या पाकिटात पाणी धरून ठेवण्यासाठी पुष्कळदा सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट घातलेले असते, आणि ते शेवटी आपल्याच टँकमध्ये उतरते. घरी आल्यावर पाठीतला काळा दोरा काढायचा, माकुलाची शाईची पिशवी न फोडता अलगद ओढून घ्यायची, आणि सगळे मिक्सरमध्ये थांबून थांबून दोन-तीन झटके देऊन जाडसर ठेवायचे. सलग फिरवले की त्याचा लगदा होतो, आणि लगदा माशाच्या तोंडात जाण्याऐवजी पाण्यात विरतो. वाटण बांधण्यासाठी मी चायना ग्रास वापरतो: १० ग्रॅम चायना ग्रास दीड वाटी पाण्यात उकळून पूर्ण विरघळवायचे, हाताला सोसेल इतके कोमट झाले की वाटणात ओतायचे. चायना ग्रास साधारण ४० अंशांच्या खाली उतरताच घट्ट होते, त्यामुळे वाटण थेट फ्रिजमधून काढलेले असेल तर त्याच्या गुठळ्या होतात. ते आधी तासभर बाहेर ठेवावे लागते, हे मी दोन खेपा वाया घालवून शिकलो. मग झिपच्या पिशवीत पातळ थापून, सुरीच्या पाठीने चौकोन आखून फ्रीजरमध्ये ठेवायचे. सकाळी एक चौकोन मोडला की काम झाले.

पेलेटवर तोंड टाकून ते थुंकणारा माझा टँग या वड्या पहिल्या दिवसापासून खातो आहे. आत काय आहे हे मला ठाऊक असते, आणि तुकडा कोणत्या माशासाठी किती बारीक करायचा हेही माझ्याच हातात असते.

वर्सोवेकर

आपली मेहनत आणि स्वच्छता दोन्ही वाखाणण्यासारखी आहेत, परंतु आपल्या पाककृतीत एक गंभीर दोष आहे, आणि तो नेमका मिक्सरमध्ये घडतो.

अनेक शिंपल्यांत आणि काही माशांत, विशेषतः अँकोव्हीच्या कुळात, थायमिनेज नावाचे विकर (एन्झाइम) असते. मांदेली याच कुळातली. हे विकर थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, मोडून टाकते. मासा अखंड असताना त्याचा परिणाम त्याच्यापुरता राहतो. आपण मात्र त्याला वाटून कोळंबी आणि माकुलात कालवता, म्हणजे ज्या घटकांत थायमिन टिकले असते तेही नष्ट करण्याची सोय करून देता. गोठवल्याने हे विकर नाहीसे होत नाही, त्याचे काम फक्त मंदावते. ते निकामी होते शिजवल्याने. आपण वरून जीवनसत्त्वाचे थेंब घालत असाल आणि ते वाटणातच घालत असाल, तर त्यातले थायमिनही दीड महिन्याच्या साठवणीत कमी होत जाणार.

ही भीती पुस्तकी नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात कच्च्या माशांवर पोसलेल्या पाळीव कोल्ह्यांना पक्षाघात होऊ लागला, आणि त्याचे मूळ पुढे थायमिनच्या अभावात सापडले. माझ्याकडे एक लायनफिश होता. त्याला मी जवळपास वर्षभर फक्त कच्ची कोळंबी आणि मांदेली घातली, कारण तो दुसरे काही घेत नव्हता आणि तो आवडीने खातो आहे याचेच मला समाधान होते. एक दिवस तो तुकड्याजवळ आला, त्याने त्यावर झेप घेतली आणि त्याचे तोंड उघडलेच नाही. पुढचे अकरा दिवस तो रोज तुकड्यापर्यंत येत राहिला आणि तसाच परतत राहिला. हे आहारातल्या उणिवेमुळेच झाले असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण त्या वर्षी मी त्याला दुसरे काहीच दिले नव्हते, ही वस्तुस्थिती मला अजून टोचते.

मत्स्यपोषण हे शास्त्र आहे. आमच्या वर्सोव्यातल्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेत तो स्वतंत्र अभ्यासविषय आहे. चांगल्या पेलेटमध्ये जीवनसत्त्वे मोजून घातलेली असतात, पेलेट शिजवलेले असते, आणि त्या शिजवण्यातच विकरांचा प्रश्न मिटतो. आवडीने खाणे आणि पोषण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून मी आठवड्यातून सहा दिवस पेलेटच देतो; तो मुख्य आहार आणि घरचे खाद्य ही केवळ जोड, एवढेच माझे म्हणणे आहे.

दादरकर

वर्सोवेकर, आपला मुद्दा मी गंभीरपणे घेतला, तरी पेलेटविषयीचा आपला विश्वास मला पुरता पटत नाही. आपण म्हणता ते पेलेट कारखान्यातून निघताना तसे असते. माझ्या हातात येते ते एखाद्या दुकानात मोठ्या पाकिटातून काढून छोट्या पिशवीत भरलेले, ज्यावर ना उत्पादनाची तारीख असते ना मुदतीची. जुलै महिन्यात मुंबईच्या दमट हवेत ती पिशवी दोन आठवडे उघडी राहिली की तिला खवट वास येऊ लागतो. म्हणजे ज्या तेलासाठी आपण तिचे पैसे मोजले ते तेल खराब झालेले असते. समुद्री माशांना इपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ मेदाम्ले अन्नातूनच मिळावी लागतात, कारण जमिनीवरच्या वनस्पतींच्या तेलापासून ती पुरेशी तयार करण्याची क्षमता बहुतेक समुद्री माशांत नसते. ती ताज्या कोळंबीत आहेत आणि माकुलातही आहेत. म्हणून मीही घरीच करते.

काही जण मात्र गुरांचे हृदय घालण्याचा सल्ला देतात, तो समुद्री माशांना मुळीच लागू नये. सस्तन प्राण्याची चरबी त्यांच्या आहाराचा भाग कधीच नव्हती, आणि तिने यकृतावर मेद साचतो.

मुलुंडकर

पोषणाचा वाद तुम्ही दोघे कराल; मला पाण्याची चिंता आहे. घरच्या खाद्याने फॉस्फेट वाढते, काचेवर शेवाळ येते आणि स्किमरचा (पाण्यातली घाण फेसातून बाहेर काढणाऱ्या यंत्राचा) पेला दोन दिवसांत भरतो, हे मी स्वतः सहा महिने पाहिले. वडी पाण्यात टाकली की तिच्याभोवती दुधाळ ढग उठतो, तो खाद्य म्हणून कोणाच्याच पोटात जात नाही. शिवाय बाजारातली मासळी टिकवण्यासाठी तिला काय लावले आहे हे आपल्याला कळत नाही. २०१८ साली गोवा आणि केरळात मासळीला फॉर्मेलिन हे रसायन लावल्याच्या बातम्यांनी केवढा गदारोळ झाला होता, हे आठवावे.

गिरगावकर

मुलुंडकर, प्रथम आपले. फॉस्फेटचा हिशोब ओल्या आणि कोरड्या वजनाची गल्लत न करता मांडला तर चित्र बदलते. पेलेटमध्ये वजनाच्या साधारण १ टक्का फॉस्फरस असतो. म्हणजे १ ग्रॅम पेलेटमागे १० मिलिग्रॅम फॉस्फरस, आणि फॉस्फेटच्या भाषेत सुमारे ३१ मिलिग्रॅम. माझ्या ४०० लिटर पाण्यात ते सगळे विरघळले तर प्रति लिटर ०.०८ मिलिग्रॅमची भर पडते. कच्च्या कोळंबीत फॉस्फरस सुमारे ०.२ टक्के असतो, कारण तिच्या पाच भागांत जवळजवळ चार भाग पाणीच आहे. तेवढ्याच पोषणासाठी कोळंबी चार-पाच पट घालावी लागते, म्हणून हिशोब शेवटी सारखाच येतो. याचा अर्थ घरचे खाद्य कमी घाण करते असा मी लावत नाही, पण ते जास्त घाण करते हेही सिद्ध होत नाही. आपण सांगितलेला दुधाळ ढग मात्र खरा आहे. वडी बारीक गाळणीत घेऊन टँकच्याच पाण्यात विसळली तर तो ढग पुष्कळ कमी होतो. तरी मांसाच्या आत बांधलेला फॉस्फरस विसळून जात नाही, हेही मी मान्य करतो. फॉर्मेलिनबद्दल म्हणाल, तर जी मासळी मी माझ्या ताटात घेतो तीच टँकमध्ये घालतो, आणि ज्या कोळीण मावशींकडून मी गेली वीस वर्षे मासळी घेतो त्यांची कोळंबी माझ्यासमोर टोपलीत उतरते. प्रयोगशाळेचा दाखला माझ्याकडे नाही. डबीच्या बाबतीत तो आपल्याकडेही नाही.

वर्सोवेकर, आपल्या लायनफिशविषयी वाचून वाईट वाटले. थायमिनेजचा मुद्दा मला ठाऊक होता तो एवढाच, की एकच शिंपला रोज घालू नये. तो वाटणातल्या इतर घटकांनाही नासवतो, याचा विचार मी कधी केला नव्हता, आणि आपण लिहिल्यावर तो टाळता येत नाही. सहा वर्षे मी जे सरसकट वाटत आलो ते चुकीचे होते. पुढच्या खेपेपासून मांदेली पूर्ण बंद. तिसऱ्यांचे मांस वाटणात घालणार नाही. ते आठवड्यातून एकदा वाफवून, वेगळे देईन. मुख्य वाटणात राहील ती फक्त कोळंबी, माकूल आणि नोरी, आणि जीवनसत्त्वाचे थेंब वाटणात न घालता, वडी पाण्यात सोडण्यापूर्वी दहा मिनिटे तिच्यावर घालीन.

तरीही त्यामुळे घरचे खाद्यच सोडावे, हे मला मान्य नाही. दोष मिश्रणात होता.

वर्सोवेकर

आपण इतक्या सरळपणे मान्य केलेत, त्यामुळे मीही एक गोष्ट मान्य करतो: दादरकर म्हणतात ती सुट्या पिशव्यांची अवस्था खरी आहे, आणि तारीख नसलेले पेलेट मीही घेत नाही. तेवढ्याने माझे मूळ मत बदलत नाही. कोळंबीच्या काही जातींतही हे विकर आढळते, त्यामुळे मांदेली काढली म्हणून प्रश्न पुरता मिटला असे समजू नका. क जीवनसत्त्वही साठवणीत घटत जाते, म्हणून दीड महिन्याऐवजी तीन आठवड्यांपुरतेच करा.

दुसरे असे, की फ्रीजरमध्ये परजीवी बहुधा मरतात, पण विषाणू टिकतात. कोळंबीत आढळणारा पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू माणसाला आणि माशांना अपाय करत नाही. मात्र कवचधारी प्राण्यांना तो घातक आहे. ज्यांच्या टँकमध्ये क्लीनर श्रिंप किंवा खेकडे आहेत त्यांनी कच्ची कोळंबी घालताना हे ध्यानात ठेवलेच पाहिजे. आपल्या टँकमध्ये ते नाहीत, पण हा धागा वाचून उद्या करायला घेणाऱ्यांकडे असतील.

दादरकर

तीन आठवड्यांचा नियम पावसाळ्यात पाळणे सोपे नाही, हे मी अनुभवाने सांगते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, बाजारात येते ती बहुतांश गोठवलेली कोळंबी, आणि त्यामागोमाग श्रावण लागतो तेव्हा आमच्या घरी मासळी आणत नाहीत. घरातल्या ज्येष्ठांची श्रद्धा मी मोडू इच्छित नाही. मासे मात्र उपाशी ठेवता येत नाहीत. त्या काळात मी नाइलाजाने मे महिन्यात केलेल्या वड्या आणि पेलेट आलटून पालटून देते. वर्सोवेकरांना हे सोयीचे उदाहरण वाटेल, पण त्यावरून मी उलट निष्कर्ष काढते: नऊ-दहा महिने ताजे अन्न मिळालेला मासा हे दोन-तीन महिने चांगले काढतो.

आणि टँगसाठी नोरी वाटणात घालण्यापेक्षा काचेला चिमट्याने लावून ठेवा, गिरगावकर. वाटणात ती कोळंबीच्या वासाने खाल्ली जाते आणि मांसही सोबत पोटात जाते. या माशाची आतडी वनस्पतीसाठी घडलेली आहेत.

गिरगावकर

ते आजच केले. नोरीचा चार बोटे रुंद तुकडा चिमट्यात धरून काचेला लावला. पहिली दहा मिनिटे टँग त्याच्यापासून लांब राहिला, मग एकदा कडेला हलकेच टोचून मागे सरला, आणि नंतर तासाभरात त्याने वरची कड करवतीसारखी कुरतडली. नोरी वाटणातून काढून टाकतो आहे, म्हणजे आता माझे वाटण कोळंबी आणि माकुलापुरतेच उरले.

वर्सोवेकर, तीन आठवड्यांचे आपले म्हणणे स्वीकारले. पण पेलेट हा मुख्य आहार आणि घरचे खाद्य ही जोड, हे आपले म्हणणे मी अजूनही उलटेच धरतो. आपण आठवड्यातून सहा दिवस पेलेट देता, मी एक दिवस देईन.

वर्सोवेकर

एक दिवस तरी सुरुवात म्हणून ठीक आहे. टँगने पेलेट थुंकले तर त्या दिवशी दुसरे काही देऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी पेलेट तिसऱ्या वाफवल्यावर उरलेल्या पाण्यात पाच मिनिटे भिजवून पुन्हा द्या. काय होते ते येथे लिहावे.