मदत हवी आहे: जुनी ४ टीबी डिस्क नव्या एन्क्लोजरमध्ये ४६५ जीबीच दिसते, नवी डिस्क मध्येच गायब होते

धागाकर्ता

नमस्कार मंडळी,

माझा जुना सिंगल डॉक (एक डिस्क खोचून यूएसबीने संगणकाला जोडायचं साधन) बंद पडला. दिवा लागत नाही, डिस्क फिरत नाही. म्हणून दोन बे (डिस्क बसवायचे कप्पे) असलेलं एन्क्लोजर, म्हणजे डिस्कसाठीची बाहेरची पेटी, घेतलं. ३.५ इंची सॅटा डिस्कसाठीचं आहे, १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर, मागे यूएसबी-सी पोर्ट आणि रेड मोड (दोन डिस्क एकत्र चालवायची पद्धत) निवडायचा एक बारका स्विच. मॅन्युअल म्हणजे एक घडीचा कागद, त्यात स्क्रू कुठे लावायचे एवढंच.

पहिल्या बेमध्ये डॉकमधली ४ टीबी डिस्क घातली, दुसऱ्यात कोरी ८ टीबी. विंडोज १० चा डेस्कटॉप आहे. दोन अडचणी आहेत.

१) ४ टीबीच्या डिस्कवर फोटो, व्हिडिओ मिळून २.९ टीबी डेटा आहे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये तिचे तीन तुकडे दिसतात: ४६५.७५ जीबी 'रॉ' (आतली रचना विंडोजला ओळखता न आलेला भाग), १५८२.२५ जीबी अनअलोकेटेड (कुठल्याच भागात न धरलेली जागा) आणि १६७८.०२ जीबी अनअलोकेटेड. उघडायला गेलं की विंडोज फॉरमॅट करू का म्हणून विचारतं. अर्थातच कॅन्सल केलं. डॉक बंद पडायच्या आदल्या दिवसापर्यंत सगळं व्यवस्थित उघडत होतं.

२) ८ टीबीची डिस्क फॉरमॅट झाली, पण मोठी कॉपी लावली की थोड्या वेळाने एन्क्लोजर 'टुंग' करून गायब होतं आणि परत येतं.

मनात असं होतं की दोन्ही डिस्क मिळून रेड १ (दोन्हीवर तीच प्रत) करावं, म्हणजे बॅकअपची चिंता मिटली. ते पुढचं पुढे. आधी जुना डेटा हाती लागेल का, ते सांगा. डिस्क गेली असं समजायचं का?

खटपट्या

डिस्क गेलेली नाही. ४६५.७५ ला ८ ने गुणून बघा. ३७२६ येतात, म्हणजे तुमची अख्खी ४ टीबी (विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणून ४ टीबी तिथे ३७२६ जीबी दिसते). इतका नेमका आठवा हिस्सा बिघाडातून येत नाही, तो हिशेबाच्या फरकातून येतो.

पण त्याआधी दोन गोष्टींची खात्री द्या. रेडचा स्विच डिस्क घालताना कुठे होता? आणि 'इनिशियलाइज', 'फॉरमॅट', 'चेकडिस्क' यांपैकी काही चालवलंय का?

धागाकर्ता

स्विच पहिल्यापासून 'सिंगल'वर आहे. ४ टीबीवर चालवलेलं काहीच नाही. आठचा हिशेब मात्र डोक्यावरून गेला.

खटपट्या

मग बरं झालं. आता काय झालंय ते सांगतो, कारण ते कळलं नाही तर पुढच्या पायऱ्या अंधारात चालल्यासारख्या वाटतील.

डिस्क आणि यूएसबी यांच्यामध्ये एक दुभाष्या चिप असते, तिला ब्रिज म्हणतात. संगणक डिस्कशी थेट बोलतच नाही, ब्रिज जे सांगेल ते खरं धरतो. डिस्क ब्रिजला सांगते की माझा एक सेक्टर (डेटा मोजायचा सर्वांत छोटा तुकडा) ५१२ बाइटचा. एमबीआर या जुन्या पद्धतीच्या पार्टिशन टेबलमध्ये (डिस्कचे भाग कुठे सुरू होतात, किती लांब आहेत याची यादी) सेक्टरचा आकडा ३२ बिटांत लिहितात, त्यामुळे ५१२ बाइटचे सेक्टर धरले तर टेबल २ टीबीच्या पुढे जाऊच शकत नाही (काटेकोर बोलायचं तर २ टेबिबाइट, म्हणजे सुमारे २.२ टीबी). एक्सपीच्या जमान्यात मोठ्या डिस्क आल्या तेव्हा काही डॉकवाल्यांनी युक्ती केली: ब्रिजनेच संगणकाला सांगायचं की सेक्टर ४०९६ बाइटचे आहेत. ३२ बिटांची तीच मर्यादा मग १६ टीबीपर्यंत जाते. जुनं विंडोजही खूश, डॉक विकणाराही खूश.

तुमचा डॉक त्यातला असणार. त्यामुळे टेबलमध्ये पार्टिशनची लांबी ४०९६ च्या सेक्टरांत मोजून लिहिली गेली. नवं एन्क्लोजर प्रामाणिकपणे ५१२ सांगतं. तोच आकडा ५१२ ने मोजला की आठवा हिस्सा दिसतो. पार्टिशनची सुरुवातही चुकीच्या जागी शोधली जाते, तिथे एनटीएफएसचं (विंडोजच्या फाइली मांडायच्या पद्धतीचं) काही सापडत नाही, म्हणून 'रॉ'. उरलेल्या जागेचे दोन तुकडे का, तर २०४८ जीबीवर एमबीआरची हद्द संपते. ४६५.७५ अधिक १५८२.२५ करून बघा, बरोबर २०४८.

डेटा जिथल्या तिथे आहे.

रातकिडा

टेस्टडिस्क नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्याने पार्टिशन टेबल नव्याने लिहून टाका. पाच मिनिटांचं काम.

खटपट्या

@रातकिडा, इथे ते करू नका म्हणेन. नुसतं टेबल दुरुस्त करून भागत नाही, एनटीएफएसच्या बूट सेक्टरमध्येही (पार्टिशनच्या पहिल्या सेक्टरमध्येही) ४०९६ नोंदलेलं असतं. टेबल सुधारलं तरी विंडोज ते व्हॉल्यूम नीट उघडेल असं नाही. आणि एकुलत्या एक प्रतीवर काहीही लिहायचं नाही, हा नियम डेटा हाती येईपर्यंत पाळायचाच. टेस्टडिस्कमध्ये सेक्टर साइज बदलून नुसतं बघता येतं, पण 'राइट'पाशी हात थांबवायचा.

निवांत

डॉकच गेलाय की त्याचा अडॅप्टर? अडॅप्टर गेला असेल तर तेवढाच बदला. व्होल्टेज तेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, पिनची पोलॅरिटी तीच. मग डिस्क परत डॉकमध्ये घाला, एन्क्लोजरमध्ये ८ टीबी ठेवा आणि विंडोजमध्येच कॉपी करा. सर्वांत कमी डोकेफोड. मात्र मल्टिमीटरवर १२ दिसले म्हणून अडॅप्टर चांगला समजू नका. रिकामा असताना १२ दाखवतो आणि डिस्क फिरायला लागली की बसतो, असे पुष्कळ असतात.

धागाकर्ता

ओळखीच्या एकाकडून त्याच मापाचा चालू अडॅप्टर आणून लावला, डॉक ढिम्म. म्हणजे डॉकच गेला. दुसरा उपाय आहे का?

खटपट्या

आहे. लिनक्सचा लाइव्ह पेन ड्राइव्ह (संगणक थेट त्यावरून लिनक्समध्ये सुरू होतो) बनवा, इन्स्टॉल करायची गरज नाही. त्यात लॉसेटअप नावाची कमांड आहे. ती एखाद्या डिस्कवर किंवा फाइलवर आणखी एक आभासी डिस्क उभी करते, आणि त्या आभासी डिस्कचा सेक्टर किती बाइटचा धरायचा ते आपण सांगू शकतो. तिला तीन गोष्टी सांगायच्या: फक्त वाचण्यासाठी उघड, पार्टिशन टेबल तपास, सेक्टर साइज ४०९६ धर. डॉक जे खोटं बोलत होता तेच आपण जाणूनबुजून बोलायचं. पूर्ण पार्टिशन दिसेल, ते रीड-ओन्ली माउंट करा (फक्त वाचण्यापुरतं उघडा) आणि ८ टीबीवर कॉपी करा.

मूळ डिस्क कोणती ते आकार आणि सीरियल नंबर दोन्ही बघून ठरवा. दोन बेच्या काही एन्क्लोजरमध्ये ब्रिज दोन्ही डिस्कना एकच सीरियल देतो, तेव्हा नुसत्या सीरियलवर विसंबू नका. तुमच्याकडे ४ आणि ८ असा फरक आहे, गोंधळ व्हायला नको.

पण हे सगळं करण्याआधी ती दुसरी अडचण सोडवा. २.९ टीबीची कॉपी चालू असताना एन्क्लोजर डुलकी घेणार असेल तर वैताग येईल.

निवांत

गायब होण्याबद्दल. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टम लॉग उघडा आणि त्या वेळेच्या नोंदी बघा. १२९ म्हणजे डिव्हाइस उत्तर देईना म्हणून रिसेट पाठवला. १५७ म्हणजे डिस्क न सांगता निघून गेली. सोबत डिस्कची स्मार्ट माहितीही (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) बघा, क्रिस्टलडिस्कइन्फो बहुतेक ब्रिजमधून ती वाचतं. सी७ नावाची ओळ आहे, सीआरसी एरर. ती डिस्क आणि ब्रिज यांच्यामधल्या सॅटा जोडणीतल्या चुका मोजते. आकडा वाढत असेल तर डिस्क बेमध्ये नीट बसलेली नाही, बाहेर काढून पुन्हा घट्ट सरकवा आणि स्क्रू लावा. आकडा जागचा हलत नसेल तर संशय यूएसबीच्या बाजूला वळवा. ०५ आणि सी५ या खराब सेक्टरांच्या ओळी शून्य असाव्यात, नसतील तर कोरी डिस्क परत करायच्या तयारीला लागा.

धागाकर्ता

८ टीबीचे ०५, सी५, सी७ तिन्ही शून्य. जुन्या डिस्कचेही तसेच. लॉगमध्ये १२९ ची रांग आणि शेवटी १५७.

एन्क्लोजर कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला आहे, सोबत आलेल्याच केबलने. ती आखूड पडते म्हणून मध्ये एक एक्स्टेंशन आहे. अडॅप्टरवर १२ व्होल्ट, ५ अँपिअर लिहिलंय.

निवांत

५ अँपिअर पुरेसे आहेत. ३.५ इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअरपर्यंत ओढते, दोन मिळून ४. एकदा फिरू लागली की बरंच कमी. छोटी २.५ इंची डिस्क नुसत्या ५ व्होल्टवर चालते म्हणून यूएसबीच्या विजेवर भागतं, ही मोठी डिस्क तशी चालत नाही.

एक्स्टेंशन काढा आणि एन्क्लोजर मागे, थेट मदरबोर्डच्या पोर्टला लावा. पुढचा पोर्ट म्हणजे कॅबिनेटच्या आत आधीच एक लांब वायर असते, वर तुमचं एक्स्टेंशन. ५ गिगाबिटच्या सिग्नलला एवढे सांधे झेपत नाहीत. माउस-कीबोर्ड त्याच पोर्टवर मजेत चालतात, त्यामुळे कोणाला शंका येत नाही.

खात्री करायची असेल तर एन्क्लोजर मुद्दाम यूएसबी २ च्या पोर्टला लावून कॉपी करा. वेग सेकंदाला ४० एमबीच्या आसपास येईल, पण टिकून राहिलं तर दोष बहुतेक केबल-पोर्टचा. तिथेही पडलं तर वीज किंवा ब्रिज.

रातकिडा

यूएएस (यूएसबीवरून डिस्कशी बोलायची नवी पद्धत) बंद करून बघा! माझ्याकडे त्यानेच थांबलं होतं.

खटपट्या

तो शेवटचा उपाय. यूएएसमध्ये एकाच वेळी अनेक आज्ञा रांगेत लावता येतात, जुन्या पद्धतीत एक संपल्यावर दुसरी. काही ब्रिजच्या फर्मवेअरला (चिपमधल्या सॉफ्टवेअरला) ही रांग झेपत नाही हे खरं, आणि लिनक्समध्ये एका ठरावीक ब्रिजपुरतं यूएएस बंद करायची सोय मुद्दाम ठेवलेली आहे. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमधून ड्रायव्हर बदलून साधा 'यूएसबी मास स्टोरेज' निवडता येतो. पण यूएएस बंद केल्यावर त्रास थांबला की लोक केबलकडे बघायचं सोडून देतात, म्हणून आधी केबल.

धागाकर्ता

मागच्या पोर्टला थेट लावल्यापासून एकदाही गेलं नाही. रात्रभर ८ टीबीवर फाइली लिहिल्या, लॉगमध्ये १२९ नाही. वेग १८० एमबीच्या आसपास. लाइव्ह पेन ड्राइव्ह बनवतोय. ८ टीबी एनटीएफएस ठेवू की एक्सफॅट? घरात एक मॅक लॅपटॉपही आहे.

निवांत

मॅक एनटीएफएस वाचतो, त्यावर लिहीत नाही. मॅकवरून फक्त बघायचं असेल तर एनटीएफएस. एक्सफॅट दोन्हीकडे लिहिता येतं, पण त्यात जर्नल (बदलांची आधी केलेली नोंद) नसतं, त्यामुळे केबल मध्येच निघाली तर नुकसानीची शक्यता जास्त. जी डिस्क गायब होत होती तिच्यावर मी एक्सफॅट करणार नाही.

आणि पार्टिशन टेबल जीपीटीच हवं (नवी पद्धत, २ टीबीची हद्द नाही), एमबीआर नको. सिस्टम इन्फर्मेशनमध्ये स्टोरेजखाली डिस्क्सवर जाऊन बाइट्स पर सेक्टर ५१२ आहे ना तेही बघा. असेल तर ही डिस्क उद्या कुठल्याही सरळ एन्क्लोजरमध्ये किंवा थेट मदरबोर्डवर वाचता येईल.

धागाकर्ता

५१२ आहे, जीपीटीही आहे. आणि लॉसेटअपने काम केलं! ३.६ टीबीचं पार्टिशन आलं, सगळी फोल्डर जशीच्या तशी. कॉपी चालू आहे. मधून मधून फोटो उघडून बघतोय, एकही फाटलेला नाही.

आता रेड १ चं सांगा. कॉपी झाली की स्विच फिरवू?

खटपट्या

नका! बऱ्याच एन्क्लोजरमध्ये स्विच फिरवून सेटचं बटण दाबलं की दोन्ही डिस्क कोऱ्या होतात, काही तर पुन्हा सुरू केल्यावर विचारतही नाहीत. शिवाय ४ आणि ८ चं रेड १ केलं तर मिळणार ४ च, वरचे ४ वाया.

खरा मुद्दा मात्र तुम्ही आत्ता अनुभवलात तोच आहे. रेड केलं की डिस्कवरची रचना त्या एन्क्लोजरच्या चिपच्या स्वाधीन होते. उद्या ती चिप गेली की तशीच चिप शोधत फिरायचं. आणि रेड १ मध्ये एकीकडची फाइल चुकून पुसली की दुसरीकडचीही त्याच क्षणी पुसली जाते, त्याला बॅकअप म्हणता येत नाही. स्विच 'सिंगल'वरच राहू द्या. कॉपी झाली की तपासा, मग ४ टीबी नव्याने जीपीटी करून फॉरमॅट करा आणि ८ टीबीवरचं महत्त्वाचं तिच्यावर ठरावीक दिवसांनी कॉपी करत जा. शक्यतो ती एन्क्लोजरमधून काढून दुसरीकडे ठेवा.

धागाकर्ता

पटलं. तपासून झाल्याशिवाय ४ टीबीला हात लावत नाही. खटपट्या, निवांत, रातकिडा, तिघांचेही आभार.

जुनाट

धाग्यात घुसतो, क्षमस्व. माझ्याकडे एका फार जुन्या एन्क्लोजरमध्ये ३ टीबीची डिस्क ७४६ जीबी दिसते. हेच प्रकरण का?

खटपट्या

नाही, ७४६ ला ८ ने गुणून ३ टीबी येत नाही. ३ टीबीतून ब्रिजची २.२ टीबीची हद्द वजा करा, ८०१ जीबी उरतात, विंडोजच्या मोजणीत ते ७४६. तुमच्या ब्रिजला ३२ बिटांपलीकडचा आकडा मावत नाही, म्हणून वरचा भाग गळून उरलेलं दाखवतो. सेटिंगने हे सुटत नाही, एन्क्लोजरच बदलावं लागेल. डिस्कवर डेटा असेल तर त्या एन्क्लोजरमध्ये फॉरमॅट करू नका, डिस्क काढून थेट मदरबोर्डच्या सॅटाला लावून बघा. काय दिसतं ते नव्या धाग्यात लिहा, इथे गर्दी होईल.