शब्दचर्चा: वस्ती, वसाहत की माणसाचा वावर?

प्रश्न: "१०,५०० वर्षांपूर्वी मादागास्करवर मानवी वसाहत होती" हे वाक्य कितपत बरोबर आहे? बेटाच्या दक्षिण भागात क्रिसमस नदीजवळ मिळालेल्या हत्तीपक्ष्याच्या (आता नामशेष झालेल्या, न उडणाऱ्या प्रचंड पक्ष्याच्या) हाडांवर हत्याराच्या खुणा आहेत, अशी मांडणी २०१८ मध्ये झाली. वाक्य त्यावर बेतलेले आहे. वसाहत, वस्ती, वावर, आगमन यांतला कुठला शब्द चालेल?

उत्तर: वसाहत तर नकोच. मराठीत वसाहत म्हटले की एक तर इंग्रजांची आठवते, नाही तर औद्योगिक किंवा कर्मचाऱ्यांची. दोन्हींत कायम मुक्काम आणि मागे उभी असलेली व्यवस्था गृहीत असते. त्या हाडांवरून फार तर एवढे म्हणता येते की कुणीतरी पक्ष्याचा पाय सांध्यात सोडवला. सोबत चूल नाही, खापर नाही, दगडी हत्यारही नाही.

खुणा तरी माणसाच्याच का, हाही वाद आहे. धारदार दगडाने कापले की खाच अरुंद आणि खोल पडते, आतून बारीक समांतर रेघा दिसतात. दाताची खूण रुंद, गोलसर तळाची. वाळूत तुडवल्या गेलेल्या हाडावर उथळ ओरखडे वाट्टेल त्या दिशेने जातात. खोदताना फावडे लागले असेल तर खाच आतून फिकट, ताजी दिसते. म्हणून आधी रंग पाहायचा. शिवाय कार्बन-१४ (जीव मेल्यावर ठरल्या वेगाने घटत जाणारा किरणोत्सारी कार्बन) पक्षी कधी मेला ते सांगतो, खूण कधी पडली ते नाही. ओल्या हाडावरची खाच आणि वाळलेल्या हाडावरची खाच वेगळी ओळखता आली, तरच दोन्ही तारखा एक धरायच्या. २०१८ मध्येच दुसऱ्या एका गटाने हाडांवरच्या खुणा तपासून माणूस तिथे साधारण १,३५० ते १,१०० वर्षांपूर्वी पोचला असे मांडले. वाक्य असे करा: "या खुणा माणसाच्या असतील, तर १०,५०० वर्षांपूर्वी तिथे माणसाचा वावर होता." "असतील, तर" गाळू नका.

वरच्या उत्तराला पुरवणी: वावर एकटा वापरू नये. विदर्भात आणि खानदेशात वावर म्हणजे शेत. "न्यूझीलंडमध्ये तेराव्या शतकातले वावर सापडले" असे लिहिले, तर नागपूरकडचा वाचक रताळ्याचे शेत समजेल, आणि तिथले मूळ रहिवासी माओरी रताळी लावत असल्याने त्याला चूकही म्हणता येणार नाही! "माणसाचा वावर" असेच लिहावे.

वस्तीचेही तसेच. वस्तीची एसटी एका रात्रीपुरती थांबते. पण पुरातत्त्वात वस्ती म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या ताम्रपाषाणयुगीन इनामगावसारखे काही हवे: घरांच्या जमिनी, चुली, धान्य साठवण्याचे खड्डे, घराच्या जमिनीखाली कुंभांत पुरलेली मुले.

मग आगमन कुठे? न्यूझीलंडच्या उंदराचे उदाहरण घ्या. किओरे हा पॅसिफिक उंदीर स्वतः समुद्र ओलांडून येऊ शकत नाही. तो दिसला म्हणजे होडी येऊन गेली, माणसे राहिली असोत वा नसोत. १९९६ मध्ये त्याच्या हाडांचे वय सुमारे २,००० वर्षे निघाले, आणि तिथून पहिल्या, न टिकलेल्या आगमनाची कल्पना निघाली. २००८ मध्ये त्याच जागांवरची हाडे पुन्हा मोजली, तेव्हा एवढे जुने वय कुठेच आले नाही. हाड इवलेसे, त्यात उरलेले कोलॅजन (वय मोजायला लागणारे हाडातले प्रथिन) थोडे. मातीतली सेंद्रिय आम्ले नीट धुतली गेली नाहीत की वय भलतीकडे जाते. उंदराने पाण्यातले अन्न खाल्ले असेल तर जुना कार्बन पोटातूनच आलेला असतो.

हाडाऐवजी भरवसा ठेवला गेला तो कुरतडलेल्या बियांवर. दलदलीतला गाळ थराथराने चाळायचा, टणक कवचाच्या बिया वेचायच्या, आणि भिंगाखाली पुढच्या दोन दातांच्या जोड-खाचा शोधायच्या. पक्ष्याने फोडलेली बी निराळी दिसते. कवच एकाच हंगामात तयार होते, त्यामुळे बीचे वय आणि कुरतडल्याचे वय यांत फारसा फरक पडत नाही. अशा खाचा साधारण इ. स. १२८० च्या आधी मिळतच नाहीत. उत्तर बेटावर १३१४ च्या सुमारास पडलेली काहारोआ ज्वालामुखीची राख ही दुसरी खूणगाठ: कोळशाचे कण आणि नेच्याचे बीजाणू, म्हणजे माणसाने रान जाळल्याच्या खुणा, गाळात वाढू लागतात ते या राखेच्या आसपासच.

एक शंका: मग "चुलीचे वय" हा प्रयोग तरी बरोबर का?

उत्तर: सहसा नाही. मोजतात तो कोळसा. लाकूड शेकडो वर्षे जगणाऱ्या झाडाच्या गाभ्यातले असेल, तर चूल त्याहून तेवढीच अलीकडची. "चुलीतल्या कोळशाचे वय" लिहावे. पूर्व पॉलिनेशियातल्या (पॅसिफिक महासागरातल्या, न्यूझीलंडही धरून) ४५ बेटांवरची १,४३४ मोजमापे २०११ मध्ये चाळली गेली. डहाळ्या, बिया अशा अल्पायुषी नमुन्यांवरची तेवढी भरवशाची धरल्यावर माणसाच्या आगमनाचा काळ सोसायटी बेटांसाठी (ताहिती आणि शेजारची बेटे) इ. स. १०२५ ते ११२० आणि उरलेल्यांसाठी ११९० ते १२९० असा आला. रापा नुईवर (ईस्टर बेटावर) माणूस पोचल्याचे इ. स. ४०० किंवा ८०० हे जुने आकडे तिथेच गळतात.

"वर्षांपूर्वी" लिहितानाही जपा. प्रयोगशाळा १९५० पासून मागे मोजते, आणि अंशशोधन (झाडांच्या वलयांसारख्या नोंदींशी ताडून केलेली दुरुस्ती) न केलेला आकडा कॅलेंडरचे वर्ष नसतो. या दुरुस्तीसाठी वापरायचा दक्षिण गोलार्धाचा वक्रही वेगळा आहे.

"उजाड बेट" हाही शब्द टाळा. उजाड म्हणजे आधी नांदते होते. कुणी आलेलेच नसेल तर निर्मनुष्य.

आणखी एक: अटलांटिकमधल्या अझोर बेटांवरच्या तळ्यांच्या गाळात इ. स. ७०० ते ८५० च्या दरम्यानचे, गुराढोरांच्या विष्ठेतले स्टेरॉल (गाळात दीर्घकाळ टिकणारे मेदजन्य रसायन) मिळाल्याचे २०२१ मध्ये मांडले गेले. पोर्तुगीज तिथे पंधराव्या शतकात आले. हा दावाही वादातीत नाही, पण शब्द निवडताना तो मादागास्करपेक्षा वेगळा आहे. वटवाघूळ सोडले तर अझोरवर मूळचा सस्तन प्राणीच नाही. होडीतून गुरे आणणारा माणूस राहायच्या तयारीनेच येतो. दावा टिकला, तर तिथे वस्ती म्हणायला माझी हरकत नाही.