तुरुंग फारसे न भरता समाज गप्प कसा ठेवला गेला? चेकोस्लोव्हाकिया, १९६९ ते १९८९

शोधयात्री

१९६८च्या ऑगस्टमध्ये वॉर्सा कराराच्या, म्हणजे सोव्हिएत संघ आणि त्याच्या मित्रराष्ट्रांच्या, फौजा चेकोस्लोव्हाकियात शिरल्यानंतरच्या वीस वर्षांविषयी सध्या मी वाचतो आहे आणि एका ठिकाणी अडलो आहे. १९५०च्या दशकात त्या देशात राजकीय खटले भरून माणसांना फासावर चढवले गेले. मिलाडा होराकोवा यांना १९५० साली दिलेली फाशी त्यांतली सर्वांत कुप्रसिद्ध. १९६९ साली पक्षाची सूत्रे हाती घेतलेल्या गुस्ताव हुसाक यांच्या काळात मात्र असे काही दिसत नाही. राजकीय कैदी होते, पण आधीच्या तुलनेत थोडे. तरीही १९७७च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या ‘चार्टर ७७’ या नागरी हक्कांच्या जाहीरनाम्यावर सुरुवातीला अडीचशेही सह्या नव्हत्या, आणि १९८९पर्यंत तो आकडा दोन हजारांच्या आतच राहिला. देशाची लोकसंख्या दीड कोटी होती.

मग लोकांना गप्प बसवणारी गोष्ट नेमकी कोणती होती? सही करणाऱ्यांचे पोट कशावर चालत असे? आणि न्यायालये सरकारच्या मुठीत असताना ही मंडळी प्रत्येक पत्रकात कायद्याची कलमे का मांडत बसत? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

रोजनिशी

तुरुंगात माणसे कमी होती म्हणजे दडपणही कमी होते, असे तुमच्या प्रश्नात नकळत गृहीत धरले गेले आहे. ज्या देशात नोकरी देणारे, घर देणारे, मुलांना विद्यापीठात प्रवेश देणारे आणि पारपत्र देणारे सरकारच असते, तिथे पोलिसांना हात उगारावा लागण्याआधीच बरेच काही साधता येते.

१९७० साली कम्युनिस्ट पक्षाच्या प्रत्येक सदस्याला समितीपुढे बसवून विचारले गेले, की १९६८मधल्या उदारीकरणाच्या प्रयत्नांविषयी आणि फौजांच्या येण्याविषयी आता तुमचे मत काय आहे. अपेक्षित उत्तर न देणाऱ्या तीन लाखांहून अधिक लोकांना पक्षातून काढण्यात आले, आणि पक्षाबरोबर पुष्कळांचा व्यवसायही गेला. प्राध्यापक गोदामात गेले, पत्रकार रात्रपाळीचे पहारेकरी झाले. इथे कायद्याचा आणखी एक फास होता. काम न करता राहणे हा ‘परोपजीवीपणा’ म्हणून दंडनीय गुन्हा होता, म्हणजे सरकारच नोकरीवरून काढणार, दुसरीकडे कुठे लागू देणार नाही, आणि वर बेकार राहिल्याबद्दल शिक्षाही करणार. त्यामुळे मिळेल ते काम धरावेच लागे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी यातच आहे. इमारतींना उष्णता पुरवणाऱ्या बॉयलरच्या खोल्या, खिडक्यांच्या काचा पुसणे, पहारा देणे यांवर या लोकांनी दशके काढली. एके काळी अमेरिकेतून वार्तांकन करणारे यिर्झी डीन्स्टबीअर बॉयलरमध्ये कोळसा घालत होते आणि तिथूनच १९८९च्या डिसेंबरात ते देशाचे परराष्ट्रमंत्री झाले. धर्मोपदेशाचा सरकारी परवाना काढून घेतल्यामुळे मिलोस्लाव्ह व्ल्क या पाद्र्याने १९७८पासून आठ वर्षे प्रागमध्ये काचा पुसल्या. पुढे ते त्याच शहराचे आर्चबिशप झाले. बॉयलरची खोली मात्र अनेकांना मनापासून आवडे, कारण भट्टी पेटती ठेवली की उरलेला वेळ वाचायला, लिहायला आणि बंदी असलेल्या पुस्तकांच्या टंकलिखित प्रती तयार करायला मोकळा असे.

स्वतःची नोकरी गमावण्याची तयारी माणूस एक वेळ करतो. मुलांच्या वतीने ती करणे फार अवघड असते. आईवडिलांच्या मतांमुळे मुलांना उच्च शिक्षण नाकारले जाते, ही तक्रार चार्टरच्या मूळ मजकुरातच आहे. माझ्या मते सह्यांचा आकडा लहान राहण्याचे सर्वांत मोठे कारण हेच होते. या शिक्षेला न्यायालय लागत नाही आणि आरोपपत्रही लागत नाही. अर्ज फेटाळल्याच्या पत्रात जागा अपुऱ्या असल्याचे कारण दिले की काम झाले. ज्याच्याविरुद्ध दाद मागावी असे काही हाती उरतच नाही.

याखेरीज रोजचा जाच होता. दूरध्वनी तोडणे, वाहन चालवण्याचा परवाना काढून घेणे, पुनःपुन्हा चौकशीला बोलावणे, दाराबाहेर पोलीस बसवणे हे सारे चालत असे. चार्टरच्या प्रवक्त्यांपैकी एक असलेले नाटककार वात्स्लाव हावेल यांच्या ह्राडेचेक येथील घरावर नजर ठेवण्यासाठी पोलिसांनी जवळच एक टेहळणीची खोली उभारली होती, तिला लोक सोव्हिएत चांद्रवाहनावरून ‘लुनोखोद’ म्हणत. विनोद करण्याची शक्ती शाबूत होती, एवढे त्यावरून दिसते.

शेवटचा मुद्दा जाहीर निषेधाचा. २८ जानेवारी १९७७ रोजी प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात नामवंत कलावंतांना जमवून चार्टरच्या विरोधातील निवेदनाला त्यांचा पाठिंबा मिळवण्यात आला. खुद्द चार्टरचा मजकूर मात्र सरकारी वृत्तपत्रांनी कधीच छापला नाही, त्यामुळे अनेकांनी न वाचलेल्या कागदाचा धिक्कार केला. लोकांचे मन वळवणे हा त्यामागचा हेतू नसावाच. प्रत्येकाने इतरांना सही करताना पाहावे आणि उद्या कोणाला कोणाकडे बोट दाखवता येऊ नये, एवढे त्यातून साधत होते.

कोरा कागद

रोजनिशी यांचे विवेचन मला पटते, पण ते वाचून कोणाचा असा समज होऊ नये, की तो सारा मामला अर्ज फेटाळण्यापुरता होता.

चार्टरच्या पहिल्या तीन प्रवक्त्यांपैकी तत्त्वज्ञ यान पातोच्का तासन्‌तास चाललेल्या पोलीस चौकशांनंतर रुग्णालयात दाखल झाले आणि १३ मार्च १९७७ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने वारले. त्यांच्या अंत्यविधीच्या वेळी भाषण ऐकू येऊ नये म्हणून मोटारसायकली आणि हेलिकॉप्टर यांचा गोंगाट करण्यात आला. १९७९च्या ऑक्टोबरात झालेल्या खटल्यात पेत्र ऊल यांना पाच वर्षे, हावेल यांना साडेचार, वात्स्लाव बेंडा यांना चार, तर डीन्स्टबीअर आणि ओतका बेडनार्झोवा यांना प्रत्येकी तीन वर्षांची शिक्षा झाली. पावेल वोंका हे तर १९८८ साली, राजवट संपायला जेमतेम दीड वर्ष उरले असताना, तुरुंगात मरण पावले.

दुसरे म्हणजे सगळ्या विरोधकांवरचे दडपण सारखे नव्हते, आणि हा भाग कौतुकाच्या भरात नेहमी राहून जातो. हावेल यांची नाटके पश्चिमेत होत असत आणि त्यांचे मानधन त्यांना मिळत असे. १९७४ साली त्रुत्नोव्हच्या बिअर कारखान्यात ते मजुरी करायला जात तेव्हा स्वतःच्या मर्सिडीज गाडीतून जात. यामुळे त्यांचे धैर्य कमी ठरत नाही, त्यांनी तुरुंग भोगलाच. पण ज्याचे नाव एकाही परदेशी वार्ताहराला ठाऊक नाही, अशा लहान गावातल्या तरुण कामगाराने सही केली तर त्याच्यासाठी आवाज उठवणार कोण? चार्टरची ठिणगीही अशाच लोकांमुळे पडली होती. १९७६च्या सप्टेंबरात ‘प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ या रॉक संगीतसमूहाच्या वर्तुळातल्या चौघांना असभ्य वर्तनाच्या नावाखाली आठ ते अठरा महिन्यांच्या शिक्षा झाल्या, आणि आज या केसाळ मुलांवर पाळी आली तर उद्या कोणावरही येईल, हे लेखक-विचारवंतांना तेव्हा कळले.

१९७८च्या एप्रिलमध्ये स्थापन झालेल्या, ‘व्होन्स’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या समितीने नेमकी हीच उणीव भरून काढली. अन्यायाने खटला भरलेल्या प्रत्येक व्यक्तीचे नाव, आरोप, न्यायालय आणि निकाल एवढे कोरडेपणाने नोंदवायचे, ते पत्रक देशाबाहेर पाठवायचे आणि ‘रेडिओ फ्री युरोप’ या पश्चिमेतून प्रसारण करणाऱ्या केंद्रावरून ते पुन्हा देशात ऐकू यायचे, अशी ती पद्धत होती. १९८९पर्यंत अशी हजाराहून अधिक पत्रके निघाली. वर सांगितलेला १९७९चा खटला याच समितीच्या सदस्यांवरचा होता. सरकारला खुपत काय होते, ते त्यावरून कळते.

तळटीप

कायद्याच्या प्रश्नाविषयी लिहितो.

१९७५च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकी येथे ३५ राष्ट्रांनी सुरक्षा, सहकार्य आणि मानवी हक्कांविषयीच्या अंतिम करारनाम्यावर सह्या केल्या, त्यांत चेकोस्लोव्हाकिया होता. नागरी-राजकीय आणि आर्थिक-सामाजिक हक्कांचे संयुक्त राष्ट्रांचे दोन्ही करार तिथे २३ मार्च १९७६ रोजी लागू झाले आणि त्यांचा मजकूर सरकारच्याच कायदेसंग्रहात १२०व्या क्रमांकाने छापला गेला. चार्टरची सुरुवात या छापील गोष्टीपासून होते. तुम्ही हे मान्य केले आहे, आता आपण त्यावर बोलू, एवढेच त्याचे म्हणणे होते. आपण संघटना नाही, आपल्याला नियमावली नाही आणि कायमचे पदाधिकारी नाहीत, हेही त्यात स्पष्ट केले होते, म्हणजे बेकायदा संघटना चालवल्याचा आरोप ठेवणे कठीण जावे.

न्यायालयात याचा उपयोग जवळपास झाला नाही, हे मान्य करायला हवे. तरीही नुसत्या सहीबद्दल शिक्षा द्यायला राजवट कचरत असे. राष्ट्रद्रोही कारवाया, चिथावणी किंवा परदेशात देशाच्या हिताला बाधा आणणे, अशा दुसऱ्या कलमांखाली तिला माणसे पकडावी लागत. सोव्हिएत संघात हा मार्ग आधीच चोखाळला गेला होता. ५ डिसेंबर १९६५ रोजी, तिथल्या संविधान दिनी, गणितज्ञ अलेक्झांडर येसेनिन-वोल्पिन यांच्या पुढाकाराने मॉस्कोच्या पुश्किन चौकात जमलेल्या लोकांच्या फलकांवर स्वतःच्याच संविधानाचा मान राखा, अशी मागणी होती.

पण कायद्याची भाषा वापरण्यामागचे आणखी एक कारण मला अधिक वजनदार वाटते. पातोच्का कोणत्याच पक्षाचे नव्हते, यिर्झी हायेक हे १९६८चे परराष्ट्रमंत्री आणि पक्षातून काढलेले कम्युनिस्ट, बेंडा कट्टर कॅथलिक, तर ऊल क्रांतिकारी मार्क्सवादी. उद्याचा देश कसा असावा, यावर ही माणसे एक पानभर मजकूरही एकमताने लिहू शकली नसती. छापलेला कायदा पाळा, या मागणीवर मात्र त्यांना एकत्र उभे राहता आले.

शोधयात्री

तिन्ही प्रतिसादांसाठी आभार. आणखी एक शंका आहे. इतका जाच असताना बरेच जण देश सोडून का गेले नाहीत? आणि सरकार त्यांना जाऊ देत नव्हते, की उलट जायला भाग पाडत होते?

रोजनिशी

सामान्य नागरिकाला जाऊ देत नव्हते आणि चार्टरवाल्यांना ढकलत होते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस गुप्त पोलिसांनी ‘असानात्से’, म्हणजे निर्मूलन, या नावाची मोहीमच उघडली होती. सही करणाऱ्याला इतके हैराण करायचे, की त्याने स्वतःहून देशत्यागाचा अर्ज करावा. त्यात मारहाणीचाही वापर झाला. चार्टरच्या प्रवक्त्या झ्देना तोमिनोवा यांच्यावर १९७९ साली हल्ला झाला आणि पुढच्या वर्षी तोमिन कुटुंब इंग्लंडला गेले. लेखक पावेल कोहाउट व्हिएन्नाला गेले, तर १९७९ साली त्यांना सीमेवर अडवून परत येऊ दिले नाही आणि नागरिकत्वही काढून घेतले. हावेल यांना तुरुंगाऐवजी अमेरिकेला जाण्याचा पर्याय सुचवण्यात आला होता. तो त्यांनी नाकारला.

गेलेल्यांनी संबंध तोडले, असे मात्र नाही. पॅरिसहून पावेल तिग्रिद यांचे नियतकालिक निघत असे, टोरांटोत १९७१पासून चेक पुस्तके छापली जात, आणि ही छापील सामग्री चोरवाटेने प्रागला पोहोचे. १९८१च्या वसंतात अशी पुस्तके लपवलेली एक फ्रेंच गाडी सीमेवर पकडली गेली आणि पाठोपाठ देशात अटकसत्र सुरू झाले. अटक झालेल्यांत समाजशास्त्रज्ञ यिर्झिना शिक्लोवा होत्या, आणि इथे तुमच्या मूळ आकड्याकडे वेगळ्या नजरेने पाहता येईल. विद्यापीठातून काढल्यावर त्यांनी सफाईचे काम केले, नंतर रुग्णालयात नोकरी केली आणि बाहेरच्या जगाशी चालणारी ही देवाणघेवाण वर्षानुवर्षे सांभाळली. पोलिसांचे लक्ष वेधले जाऊ नये म्हणून त्यांनी चार्टरवर सही केलीच नव्हती, त्यामुळे त्या दोन हजारांच्या यादीत त्या नाहीत; आणि टंकलेखन करून देणाऱ्या, हस्तलिखिते दडवून ठेवणाऱ्या किंवा निरोप पोहोचवणाऱ्या इतर पुष्कळ माणसांची नावेही त्या यादीत सापडत नाहीत.