यझीदची विधवा, मरवानची पत्नी: उमय्या घराण्यातील सोयरिकींचा अर्थ

जिज्ञासू वाचक:
खलीफा पहिला यझीद इ.स. ६८३ मध्ये वारला, पाठोपाठ काही महिन्यांतच त्याचा तरुण मुलगा दुसरा मुआवियाही गेला आणि सत्ता उमय्या कुळाच्या दुसऱ्या शाखेतील वयस्क मरवानकडे आली. या मरवानने यझीदची विधवा फाखिता, म्हणजेच उम्म खालिद, हिच्याशी विवाह केला, आणि यझीदची मुलगी आतिका ही मरवानचा मुलगा अब्दुल मलिक याची पत्नी होती. विधवेचा पुनर्विवाह त्या समाजात नित्याचा होता, हे मला ठाऊक आहे. तरीही या सोयरिकींमागे राजकारण किती होते, हे जाणकारांनी सांगावे.

दप्तरी:
माझ्या मते, निदान उम्म खालिदच्या बाबतीत तरी, राजकारणच अधिक होते. यझीदची आई मैसून ही सीरियातील बलाढ्य कल्ब टोळीची. सीरियातील जाबिया येथे वारस ठरवण्याची बैठक भरली, तेव्हा मैसूनचा भाचा, म्हणजे यझीदचा मामेभाऊ, हस्सान इब्न मालिक हा यझीदचा अल्पवयीन मुलगा खालिद याच्या बाजूने उभा होता. अखेर मरवाननंतर खालिद, या अटीवर तडजोड झाली. कल्ब टोळीच्या बळावरच मरवानने ६८४ मध्ये दमास्कसजवळची, विरोधी टोळ्यांशी झालेली मर्ज राहितची लढाई जिंकली. उम्म खालिदशी विवाह केल्याने खालिद मरवानचा सावत्र मुलगा झाला आणि त्याचा हक्क मरवानच्याच घरात बांधला गेला. पुढे मरवानने वचन मोडून आपल्याच मुलांना वारस नेमले. ६८५ मध्ये तो वारला. उम्म खालिदने त्याला उशीने गुदमरवून मारले, असे काही परंपरा सांगतात, तर काही प्लेगचे कारण देतात. मला पहिली कथा रचलेली वाटते, पण ती रचावीशी वाटली यातूनच, मुलाला डावलल्याने झालेला त्या स्त्रीचा अपमान लोकांनी किती गंभीर मानला होता, हे दिसते.

जिज्ञासू वाचक:
मनापासून आभार. मग आईच्या कुळाचे हे वजन पुढेही टिकले का?

मातुलकुल:
बराच काळ टिकले. अब्दुल मलिकचा मुलगा मस्लमा याने ७१७-७१८ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या वेढ्याचे नेतृत्व केले, परंतु आई दासी असल्यामुळे त्याला खिलाफत मिळाली नाही. आतिकाचा मुलगा दुसरा यझीद मात्र ७२० मध्ये खलीफा झाला. पित्याकडून मरवानचा आणि आईकडून पहिल्या यझीदचा वारसा सांगू शकणारा तो खलीफा होता. उमय्यांनंतर सत्तेवर आलेल्या अब्बासी घराण्याच्या काळाच्या आरंभीही हाच निकष दिसतो. पहिले दोन अब्बासी खलीफा सफ्फाह आणि मन्सूर हे सावत्र भाऊ; सफ्फाहपेक्षा मन्सूर वयाने मोठा होता, पण त्याची आई बर्बर दासी, तर सफ्फाहची आई स्वतंत्र अरब कुळातील असल्याने आधी सफ्फाह गादीवर आला.

यातील सर्वांत बोलके उदाहरण जुबैदाचे आहे. ती आणि तिचा पती, अब्बासी खलीफा हारून अल-रशीद, ही सख्खी चुलत भावंडे, दोघेही मन्सूरची नातवंडे. म्हणून तिचा मुलगा अमीन हा आई आणि वडील अशा दोन्हीकडून अब्बासी होता आणि हारूनचाच इराणी दासीपासून झालेला मुलगा मामून वयाने काही महिन्यांनी मोठा असूनही अमीन पहिला वारस ठरला. भावांच्या युद्धात ८१३ मध्ये अमीन मारला गेला. मामूनच्या राज्यात जुबैदा पुढे अठरा वर्षे जगली, आणि तिचा मान मामूनने कायम ठेवला.