‘कर्ता’चं स्त्रीलिंग काय? कर्ती, कर्त्री की कर्ताच?

रानजाई

आमच्या महिला गटासाठी वारसाहक्कावर सोळा पानांची पुस्तिका करते आहे. मूळ मजकूर इंग्रजी आहे आणि एका वाक्यावर तीन दिवस अडले आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर 2015 मध्ये निकाल दिला की हिंदू एकत्र कुटुंबात सगळ्यांत थोरली सहदायाद, म्हणजे मालमत्तेत जन्मानेच वाटेकरी, मुलगी असेल तर ती ‘कर्ता’, म्हणजे कुटुंबाची मालमत्ता आणि व्यवहार बघणारी प्रमुख, होऊ शकते. डिसेंबर 2023 मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने तो कायम केला. मी लिहिलं, “थोरली मुलगी घराची कर्ती होऊ शकते.” गटात वाचून दाखवलं तर एक मावशी म्हणाल्या, “होऊ शकते म्हणजे? होतीच की ती कर्ती. आठव्या वर्षापासून भाकऱ्या थापतेय.”

तिथे माझी गाडी थांबली. ‘कर्ता पुरुष’ म्हटलं की ज्याच्या शब्दावर घर चालतं तो डोळ्यांपुढे येतो. ‘कर्ती बाई’ म्हटलं की जिचे हात थांबत नाहीत ती. नुसता प्रत्यय बदलला आणि सत्ता गेली, कष्ट उरले. काय लिहू?

जुनापेठकर

कर्त्री. ‘कर्तृ’चं स्त्रीलिंग कर्त्री, जसं अभिनेत्री. ग्रंथकर्त्री आपण लिहितोच. शुद्ध रूप हाताशी असताना बोलीतल्या रूपाशी झगडायचं कशाला? शिवाय ‘कर्त्री’ला भाकरीचा वास नाही, म्हणजे तुमची अडचण आपोआप सुटते.

वऱ्हाडवाट

जुनापेठकर, आदर ठेवून असहमत. बातम्यांत याचिकाकर्ती येते, गावोगाव कार्यकर्ती आहेत. ‘कार्यकर्त्री’ कुणी म्हणत नाही. ज्या बाईला तलाठ्यापुढे उभं राहायचं आहे तिच्या तोंडात बसेल असा शब्द द्या. ‘कर्त्री’ म्हणताना जीभ अडखळली की समोरचा माणूस आधी शब्दच दुरुस्त करतो, हक्काचं मग राहूनच जातं.

थोडं अवांतर, पण आमच्याकडचं आहे म्हणून सांगतो. 1940च्या दशकात नागपूर उच्च न्यायालयाने विधवा कर्ता होऊ शकते असं धरलं होतं. 1965 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मोडीत काढलं: विधवा सहदायाद नाही, म्हणजे जन्मानेच वाटेकरी नाही, म्हणून कर्ता नाही. मुलींना ते स्थान महाराष्ट्राने 1994 मध्ये दिलं, केंद्राने 2005 मध्ये. त्यामुळेच 2015चा निकाल शक्य झाला.

भीमाकाठ

मी प्राथमिक शिक्षक. व्याकरणाच्या तासाला ‘सीता आंबा खाते’ यात कर्ता कोण, तर सीता. एकाही मुलाने आजवर विचारलं नाही की गुरुजी, सीता तर बाई, मग कर्ता कशी. तेव्हा ‘मुलगी कर्ता होऊ शकते’ असंच लिहा. राष्ट्रपती चालतं, सरपंच चालतं, मग कर्ताच का खटकावा?

2011च्या जनगणनेला माझ्याकडे दीडशेच्या आसपास घरं होती. सूचना स्पष्ट होती: घरातली माणसं ज्याला प्रमुख मानतात तो प्रमुख. तो वयाने मोठा असलाच पाहिजे, कमावता असलाच पाहिजे, पुरुष असलाच पाहिजे, असं काही नाही. मी दारात उभा राहून विचारायचो, “कुटुंबप्रमुख कोण?” आणि समोरची बाई, हाताला पीठ, कडेवर नातू, म्हणायची, “ते घरी न्हाईत.” एका घरी नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. दोन म्हशी, सव्वा एकर ऊस, सोसायटीचं कर्ज, सगळं तीच बघत होती. तिने प्रमुख म्हणून मुलाचं नाव सांगितलं. मुलगा एकोणीस वर्षांचा, पुण्याला कंपनीत. मी दोनदा विचारलं. ती म्हणाली, “गुरुजी, असं बरं दिसत न्हाई.” मी मुलाचं नाव लिहिलं. नियमाप्रमाणे तेच बरोबर होतं, पण आजही ते मनाला लागून आहे.

गोदाकाठ

भीमाकाठ, तुमचं वाचून माझा चौदावा दिवस आठवला. वडील गेले तेव्हा मी नववीत. चौदाव्याला मामांनी टॉवेल-टोपी आणली. मला पाटावर बसवून टोपी घातली आणि सगळे म्हणाले, “आता तूच घरातला कर्ता.” आई दाराआड उभी होती. खताचा हिशेब तिच्या डोक्यात, बँकेचं पासबुक तिच्या उशाखाली. टोपी मला मोठी होत होती, कानांवर येत होती. दुसऱ्या दिवसापासून चुलते मला विचारायला लागले की विहिरीवरच्या मोटारीचं काय करायचं. मी आईकडे बघायचो, ती हळूच सांगायची आणि मी मोठ्याने बोलायचो. चार-पाच वर्षं आमचं घर असं चाललं. यात कर्ता कोण, हे मला शब्दकोशातून कळणार नाही.

ओसरी

समाजशास्त्र शिकवते, म्हणून राहवत नाही. गोदाकाठ यांनी सांगितलं ते आमच्या विषयात मोठ्या वादाचं आहे. ब्लड आणि वुल्फ या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी 1960 मध्ये आलेल्या पुस्तकासाठी डेट्रॉइट भागातल्या बायकांना आठ निर्णय देऊन विचारलं होतं की शेवटचा शब्द कुणाचा. नवऱ्याने कोणती नोकरी धरायची, गाडी कोणती घ्यायची, कुठला डॉक्टर, किराण्यावर खर्च किती, असे ते निर्णय. बेरीज करून घरातली सत्ता मोजली. टीका झाली ती अशी की किराणा आणि नोकरी एकाच मापात कशी घालता? पुढे साफिलिओस-रॉथशिल्ड यांनी दोन सत्ता वेगळ्या केल्या. एक, कोणता निर्णय कुणी घ्यायचा हे ठरवण्याची. दुसरी, ठरलेलं रोज पार पाडण्याची. पहिलीत वेळ जात नाही, घर मात्र तीच वळवते. दुसरीत अख्खा दिवस जातो.

वर्गात हे शिकवताना मी बरीच वर्षं ‘सूत्रसंचालनाची सत्ता’ असलं काहीतरी बोजड म्हणत होते. आज हा धागा वाचताना लख्ख दिसलं की आपल्याकडे जोडी तयारच आहे: कर्ता आणि करविता. देवाला आपण दोन्ही म्हणतो. घरात मात्र जो करविता आहे त्याने ‘कर्ता’ हे नाव घेतलं, आणि जी खरी करणारी तिच्या वाट्याला ‘कर्तीसवरती’ ही शाबासकी आली. रानजाई, तुमच्या मावशींनी नेमकं तेच पकडलं.

जुनापेठकर

करविता सुंदर. मग स्त्रीलिंग ‘करवित्री’ ठेवा.

वऱ्हाडवाट

पुन्हा तेच! बोलीतून शब्द उचलायचा आणि लगेच सोवळं नेसवायचं. माझी आजी आजोबांना ‘कारभारी’ म्हणायची आणि आजोबा तिला ‘कारभारीण’. कारभारी म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम बघणारा. पेशवाईत मालक एक, कारभारी वेगळा. म्हणजे आजी नवऱ्यालाही मालक मानत नव्हती! हा शब्द घ्या, दोघांना सारखा लागतो.

भीमाकाठ

आमच्याकडे ‘मालक’च म्हणतात हो, “मालक रानात गेलेत.” आणि कारभारी म्हणणाऱ्या बाईच्या मनात पेशवाई नसते. कारभारही मुळात ‘कार्यभार’ असावा.

वऱ्हाडवाट

कार्यभार नाही, फारसीतला कारोबार. माझा तरी तसा पक्का समज आहे.

गोदाकाठ

लग्नपत्रिकेत ‘सहकुटुंब सहपरिवार’ असतं. लहानपणी वाटायचं, एकच गोष्ट दोनदा का? आजोबांनी सांगितलं, कुटुंब म्हणजे बायको, परिवार म्हणजे बाकीचे. ते आजीबद्दल बोलताना “आमच्या कुटुंबाला बरं नाही” असंच म्हणायचे. बाईला अख्ख्या कुटुंबाचं नाव दिलं आणि प्रमुख दुसऱ्यालाच केलं. आता ‘कुटुंबप्रमुख’ वाचलं की मला ‘बायकोचा प्रमुख’ असंच ऐकू येतं.

जुनापेठकर

हे पटलं. ‘मंडळी’चंही तसंच. एका माणसासाठी समूहाचा शब्द, कारण नाव घ्यायचं नाही. त्यामागे आदरही होता, हे मात्र मी म्हणणार. माझ्या आईला ‘अहो’ म्हणताना कमीपणा वाटला नाही.

रानजाई

सगळ्यांचे आभार, पण काल गटात नवाच प्रश्न आला. त्याच मावशींनी विचारलं, “मुलगी कर्ता होते. मग मी? मी या घरात चाळीस वर्षं आहे.” वऱ्हाडवाट, बरोबर सांगितलं ना मी, की सुनेला ते स्थान नाही?

वऱ्हाडवाट

बरोबर. बायको एकत्र कुटुंबाची सदस्य असते, सहदायाद नसते. माहेरी कर्ता होऊ शकते, सासरी नाही.

ओसरी

आणि सासरी तिच्या हाती सत्ता येते ती मुलाच्या मार्फत, सासू झाल्यावर. डेनिझ कांडियोटी यांनी 1988 मध्ये यालाच पितृसत्तेशी केलेला सौदा म्हटलं: आज सोसायचं, कारण उद्या सून येणार. ‘चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे’ या म्हणीत दोन्हींकडचे दिवस मोजलेत. सासऱ्याचे मोजलेलेच नाहीत. सासुरवाशीण शब्द आहे, माहेरवाशीण आहे, पण स्वतःच्या घरात राहणाऱ्या बाईसाठी शब्द मला आजवर सापडला नाही.

जुनापेठकर

गृहस्वामिनी?

भीमाकाठ

तो साडीच्या दुकानाचा शब्द झाला, साहेब. घरधनीण म्हणा.

रानजाई

मावशींना रेशनकार्ड दाखवलं. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्याने कार्डापुरती घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी बाईच प्रमुख. पहिल्या ओळीत त्यांचं नाव होतं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “तांदळापुरती.”

पुस्तिका सोमवारी छापायला जाते. ‘कर्ता’ ठेवते आहे, पुढे कंसात काही नाही. ‘करविता’ला स्त्रीलिंग सुचलं तर तोवर सांगा.

वऱ्हाडवाट

करविती.

जुनापेठकर

करवित्री.