खरबूज आणि प्रोशुत्तो: ताटात पाणी का साचते?

नवशिका_आचारी यांचा प्रश्न:
शनिवारी सहा पाहुणे जेवायला येत आहेत आणि शेगडी मुख्य जेवणातच अडकलेली असेल, म्हणून सुरुवातीला न शिजवता होणारा इटालियन पदार्थ ठेवण्याचा विचार आहे. मागे एकदा खरबुजाच्या फाकांना प्रोशुत्तो, म्हणजे डुकराच्या तंगडीच्या मांसाचे पातळ काप, गुंडाळून ताट तासभर आधीच सजवून ठेवले होते, तर पाहुणे येईपर्यंत ताटात पाणी साचले आणि मांसाचे काप ओल्या कागदासारखे फाकांना चिकटून बसले. माझे काय चुकले? शिवाय प्रोशुत्तोच्या ‘क्रूदो’ आणि ‘कोत्तो’ यांपैकी कोणता प्रकार घ्यावा?

सावकाश यांचा प्रतिसाद:
चूक फक्त वेळेची आहे. प्रोशुत्तो मिठात मुरवलेला असल्यामुळे ते मीठ खरबुजातील पाणी ओढून घेते, आणि तासाभरात आपण वर्णन केलेली अवस्था होते. फाका आधी कापून, सोलून, स्वच्छ फडक्याने टिपून फ्रिजमध्ये ठेवण्यास हरकत नाही, परंतु मांस आणि फळ यांची गाठ पाहुणे बसल्यावरच पडू द्यावी. मांस मात्र पंधरा-वीस मिनिटे आधी बाहेर काढावे, कारण थंडगार असताना त्याची चरबी मेणासारखी लागते आणि काप सुटे करताना फाटतात. ती पांढरी कड कापून टाकण्याचा मोह टाळावा, कारण निम्मी चव तिच्यातच असते. खरे तर गुंडाळण्याचीही गरज नाही. काप फाकेवर अलगद, चुणीदार टाकला की पुरे. सहा जणांना एक मध्यम खरबूज आणि बारा पातळ काप पुरतात.

‘क्रूदो’ म्हणजे कच्चा आणि ‘कोत्तो’ म्हणजे शिजवलेला. या पदार्थासाठी क्रूदोच घ्यावा. इटलीतील पार्माच्या प्रोशुत्तोमध्ये डुकराची मागची तंगडी आणि मीठ यांखेरीज काहीही नसते, आणि त्यावर पाच टोकांच्या मुकुटाचा छाप असतो. फ्रिउली भागातील सान दानिएले हा दुसरा प्रोशुत्तो किमान 13 महिने मुरवतात. कापात बारीक पांढरे कण दिसले तर ती बुरशी समजू नये. दीर्घकाळ मुरताना तयार झालेले ते टायरोसिन या अमिनो आम्लाचे स्फटिक असतात.

चवीपरी यांचा प्रतिसाद:
वरील सर्व मान्य, पण खरबूज फिके निघाले तर कोणतीही युक्ती चालत नाही, त्यामुळे देठाकडच्या बाजूला गोड वास येत असेल तरच ते घ्यावे. तसे न मिळाल्यास पिकलेले अंजीर चिरून त्यावर काप ठेवावा, किंवा तुरीनच्या ग्रिसिनी, म्हणजे पावाच्या कुरकुरीत काड्या, आणून त्यांना काप गुंडाळावा. धरण्यासाठी अर्धी काडी मोकळी सोडावी. मात्र काड्याही मऊ पडतात, हे ध्यानात असू द्यावे.

काळजीवाहू यांचा प्रतिसाद:
पाहुण्यांत कोणी गर्भवती असल्यास क्रूदो वाढू नये, कारण तो शिजवलेला नसतो आणि टोक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या संसर्गाचा धोका राहतो. डुकराचे मांस न खाणाऱ्यांसाठी वाल्तेल्लिना खोऱ्यातील ब्रेसाओला हा गोमांसाचा प्रकार आहे. त्यावर लिंबू, ऑलिव्ह तेल, रॉकेट या पालेभाजीची पाने आणि पार्मेझान चीजचे पापुद्रे घालतात. दोन्ही मांसे चालत नसतील तर मोझरेला, टोमॅटो आणि बेसिल.

नवशिका_आचारी यांचे उत्तर:
सर्वांचे आभार. पाहुण्यांपैकी एक जण गर्भवती आहेत, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. त्यांच्यासाठी मोझरेलाचे वेगळे ताट करीन, तेही पाश्चराइज्ड दुधाचेच आहे ना हे वेष्टनावर पाहून.