वारसा नोंदीची फाईल ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नाकारली, तर पुढे काय करावे?

माहेरवाशीण_सीमाभाग (प्रश्न)

नमस्कार. माझे माहेर बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिमेकडील एका खेड्यात आहे आणि लग्नानंतर मी निपाणीजवळ राहते. वडिलांच्या पश्चात शेतीची वारसा नोंद झाली असल्याचे मला अलीकडे, कर्नाटकाच्या जमीन नोंदींच्या ‘भूमी’ या संकेतस्थळावर सर्व्हे नंबर टाकून उतारा पाहिला तेव्हा कळले. उताऱ्यावर दोन्ही भावांची नावे आहेत, माझे नाही. शिवाय कॉलम नंबर ११ मध्ये सोसायटीच्या कर्जाचा बोजाही चढलेला दिसतो. ही नोंद कोणत्या कागदांवर झाली, वंशावळीत मला दाखवले होते की नाही आणि हक्कसोड म्हणून कोणाचा अंगठा उठवला आहे का, हे पाहण्यासाठी मी माहिती अधिकारात ऑनलाईन अर्ज केला. ‘मागितलेली माहिती वैयक्तिक असल्याने देता येत नाही’ असे एका ओळीचे कन्नड उत्तर आले.

जे कर्ज कोणालाही घरबसल्या दिसते, त्याच नोंदीमागचे कागद खुद्द मुलीला वैयक्तिक म्हणून कसे नाकारता येतात? आणि असा अर्ज मराठीतून करण्याचा आपल्याला हक्क आहे का? भावांशी वैर धरण्याचा विचार नाही. आधी कागद डोळ्यांखालून घालायचे आहेत.

कोर्टकचेरी_चिकोडी

ताई, उतारा उघडा असतो तो कोणाच्या चुकीने नव्हे. कर्नाटक जमीन महसूल कायदा, १९६४ च्या कलम १३३ नुसार हक्कनोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, आणि जिला एवढे वजन आहे ती नोंद झाकून ठेवली, तर जमीन घेणाऱ्याने, कर्ज देणाऱ्याने किंवा आपल्यासारख्या वारसाने खात्री करायची कोठे? २००० सालच्या सुमारास ‘भूमी’ आल्यावर हाताने लिहिलेले उतारे बाद झाले, त्यामागे हाच विचार होता. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ सुद्धा कायद्याने जाहीर करणे बंधनकारक असलेल्या माहितीला लागू होत नाही. तसे त्याच्या कलम ३ मध्येच म्हटले आहे.

मात्र याच कायद्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(जे) बदलले आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आला. पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खाजगीपणात विनाकारण शिरकाव करणारी माहितीच नाकारता येत असे आणि तेथेही व्यापक जनहिताचा अपवाद होता. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच कारण उरले आहे. माझ्या मते हा बदल वाईट आहे, कारण महसूल कार्यालयातील जवळजवळ प्रत्येक कागदावर कोणाचे तरी नाव असतेच. तरीही कलम ८(२) शिल्लक आहे: हानीपेक्षा जनहित मोठे असेल, तर माहिती देता येते. कलम ७(८) नुसार नकाराची कारणे आणि अपील कोणाकडे करायचे हे कळवणे बंधनकारक आहे, आणि नकार योग्य होता हे सिद्ध करण्याचा भार कलम १९(५) ने अधिकाऱ्यावरच टाकला आहे. एका ओळीचे उत्तर येथेच लंगडे पडते. पहिले अपील ३० दिवसांत करा; त्यानंतर दुसरे ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे जाते, आणि आयोगाचे एक पीठ बेळगावलाच आहे.

परंतु माझा सल्ला विचाराल, तर केवळ माहिती अधिकारावर विसंबू नका. म्युटेशन रजिस्टर (फेरफार नोंदवही) आणि त्यावरील आदेश हे सार्वजनिक दस्तऐवज आहेत. जो दस्तऐवज पाहण्याचा हक्क आहे, त्याची शुल्क भरून प्रमाणित प्रत मिळण्याची तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ७५ मध्ये आहे. वडिलांचा मृत्यू दाखला आणि आपले नाते दाखवणारा कागद जोडून रेकॉर्ड रूमकडे साधा अर्ज द्या. येथे आपण त्रयस्थ नसून वारस म्हणून उभ्या राहता. वारसा नोंदीने मालकी ठरत नाही, हेही ध्यानात असू द्या. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः मुलाइतकाच हिस्सा दिला आहे, आणि त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केले आहे.

ग्रामवन_चालक

वकीलसाहेबांचे म्हणणे मान्य, पण उतारा सर्वांना सरसकट दिसावा हे मला पटत नाही. कर्जबाजारी शेतकरी हेरणाऱ्या दलालांना कॉलम ११ आयता हाती मिळतो. नाव आणि क्षेत्र उघडे असावे. बोजाचा तपशील पाहणाऱ्याने निदान स्वतःची ओळख नोंदवावी.

ताईंनी एक काळजी घ्यावी. कागदाच्या प्रती मागताना आधार क्रमांक आणि अंगठ्याचे ठसे झाकून दिले तरी चालतील, असे अर्जातच लिहावे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम १० नुसार वगळण्याजोगा भाग वगळून उरलेली माहिती देता येते, त्यामुळे नकाराची मोठी सबब जाते. ठशांच्या गैरवापराची भीती पोकळ नाही. २०२३ साली दस्त नोंदणीच्या ‘कावेरी’ संकेतस्थळावरील खरेदीखतांवरून अंगठ्याचे ठसे उचलून आधारच्या आधारे खात्यांतून पैसे काढल्याची प्रकरणे मंगळुरूत उघडकीस आली होती. ज्यांनी कधीही दस्त नोंदवला आहे त्यांनी आधारचे बायोमेट्रिक लॉक करून ठेवावे. गरज पडेल तेव्हा ते थोड्या वेळापुरते उघडता येते. खात्यातून पैसे गेलेच, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे आणि बँकेलाही लेखी द्यावे.

निपाणीकर_वाचक

भाषेचा प्रश्न तसाच राहिला. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(१) मध्ये इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असे शब्द आहेत, म्हणून राज्य सरकारच्या कार्यालयात मराठी अर्ज अडवला गेला, तर या कलमाचा आधार मिळणे कठीण. आपल्याला हे कितीही बोचले, तरी अपील भाषेच्या मुद्द्यावर फुकट जाऊ देऊ नये. देवनागरीतच लिहायचे असेल, तर हिंदीत लिहावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा तोंडी अर्ज लेखी करून देणे हे माहिती अधिकाऱ्याचे काम आहे. गाऱ्हाण्याचे निवेदन मात्र वेगळे: संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत ते देण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० ने दिला आहे. तेव्हा तहसीलदारांकडील तक्रार मराठीत आणि माहिती अर्ज कन्नड, हिंदी किंवा इंग्रजीत, अशी विभागणी मी करतो. कर्नाटकाच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, हेही सांभाळावे.

माहेरवाशीण_सीमाभाग

सर्वांचे आभार. प्रमाणित प्रतीचा अर्ज आधी द्यावा की माहिती अधिकारातील अपील आधी करावे?

कोर्टकचेरी_चिकोडी

अपिलाची मुदत नकार हाती पडल्यापासून धावते आहे, त्यामुळे दोन्ही एकाच आठवड्यात द्या. प्रत ज्या दिवशी मिळेल त्या तारखेचा पुरावा जपून ठेवा, कारण नोंदीविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे जमीन महसूल कायद्याच्या कलम १३६(२) खाली जायचे ठरले, तर आदेश केव्हा कळला हेच तेथे प्रथम विचारले जाईल. आणि भावांनी दरम्यान जमीन विकायला काढल्याची कुणकुण लागली, तर प्रतीची वाट न पाहता दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम मागा.